परतीचे चतकोर

खूप जुन्या काळची ही गोष्ट. नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची. लहानांनी ती पुढे बसून ऐकावी, मोठ्यांनी मागे बसून ऐकावी, आणि मोठ्यांनी मध्येच झोपू नये.

दोन डोंगरांच्या मधून एक नदी वाहायची. तिच्या एका काठावर अलीकडची वाडी आणि दुसऱ्या काठावर पलीकडची. आता अलीकडची कोणती आणि पलीकडची कोणती, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. आपण तेहतीस घरांच्या वाडीत उभे आहोत असं समजू.

नदीच्या मधोमध एक रुंद कातळ होता. तो कुठल्याच काठाचा नव्हता, म्हणून दोन्ही वाड्यांची सभा तिथे भरायची. अलीकडचे पाच आणि पलीकडचे चार, असे नऊ जण तिथे बसून दोन्ही काठांचे कायदे करायचे. ठराव मांडला की ज्याला मान्य तो उभा राहायचा, अमान्य असेल तो बसून राहायचा. उभे राहिलेले जास्त भरले की ठराव मंजूर. सगळं उघड्यावर, उन्हात.

आपल्या वाडीत एक चाल होती. सभेला जाणारे पाच जण ठरले, की आबा पाटी घेऊन घरोघर फिरायचे. आबा वाडीतले सगळ्यात म्हातारे. डोळ्यांनी अधू, पण सगळे उंबरे पायांना पाठ. प्रत्येक घर त्यांच्या पाटीत एक मूठ पीठ टाकायचं. कुणाचं ज्वारीचं, कुणाचं नाचणीचं, सगळं एकत्र. त्या पिठाच्या भाकऱ्या भाजायच्या, पाचही जणांनी एका पंगतीत बसून खायच्या आणि मग नदीत उतरायचं. वाडीचं पीठ पोटात घेऊन वाडीचा शब्द बोलायला जायचं, असा त्यामागचा विचार होता.

या चालीचा पुढचा अर्धा भाग मात्र लोक विसरून गेले होते. बरीच वर्षं त्याची गरजच पडली नव्हती.

पाचांमध्ये पहिला होता कारभारी. वाडीच्या वतीनं बोलायचं ते यानंच. पूर्वी एकदा वाडीची माणसं सभेत आपापल्या मनानं उठली-बसली होती आणि वाडीचं गायरान हातचं गेलं होतं. तेव्हापासून ‘एकजूट’ हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज कापायचा. माणूस वाईट नव्हता, त्याला एकदा चटका बसला होता.

दुसरी होती कुंभारीण. वयानं पन्नाशीची, बोलायला कमी. तिला सगळे मावशी म्हणायचे, कारभारी तेवढा वहिनी म्हणायचा. तिसरा होता मधवाला. कड्यावरची पोळी उतरवणारा, तरणा, हसरा, आणि बोलायला असा गोड की त्याच्याशी भांडायला गेलेला माणूस मध घेऊन परत यायचा. उरलेले दोघे कारभारी उठला की उठायचे आणि बसला की बसायचे, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. नदीची डबकी झाली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खाली येताना दुभंगायचं, अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. आपल्या वाडीत आता बायांना दोन-दोन खेपांसाठी अर्धा दिवस मोडावा लागे. शेवटी वाडीनं बसून ठरवलं, की पाऊस पडेपर्यंत सगळा झरा आपल्याकडे वळवायचा. आपले पाच आहेत, त्यांचे चार आहेत. पाचही उठले की झालं.

‘‘सगळे उठाल ना?’’ कारभाऱ्यानं पंगतीत विचारलं.

‘‘उठू,’’ चौघेही म्हणाले. कुंभारीणही म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

सभेत कारभाऱ्यानं ठराव मांडला. पलीकडचा एक म्हातारा उत्तर द्यायला उठला, पण त्याला भाषण काही जमेना. त्यानं सोबत आणलेलं मडकं उचललं आणि आपल्या विहिरीचं पाणी कातळावर ओतलं. गढूळ, निळसर पाणी. ‘‘आम्ही हे पितोय,’’ एवढं म्हणून तो बसला.

‘‘वाटेत ढवळून आणलं असेल,’’ आपल्यातला एक जण पुटपुटला, आणि बाकीच्यांना ते पटलं.

कुंभारणीनं मात्र हात पुढे करून तो गाळ चिमटीत घेतला आणि बोटांवर चोळला. मातीत जन्म गेलेली बाई. अशी निळसर चिकण कुठे सापडते ते तिला माहीत होतं. काळी माती संपली, मुरूम संपला, की अगदी शेवटी कातळाला चिकटून ही माती असते आणि तिच्याखाली खडक असतो. म्हणजे विहिरीचा तळ लागला होता. झरा वळवला तर त्या लोकांना पंधरा दिवसही निघणार नव्हते.

‘‘ज्यांना मान्य, ते उठा,’’ पुकारा झाला.

कारभारी उठला. त्याच्यामागे दोघे उठले. कुंभारणीचे गुडघे हलले, पण ती उठली नाही. बोटांना लागलेल्या मातीकडे बघत बसून राहिली.

आणि तिच्या शेजारी मधवालाही बसून राहिला.

त्याची गोष्ट वेगळी होती. पलीकडच्या पुढाऱ्यानं त्याला आदल्या दिवशी नदीकाठी गाठलं होतं. ‘‘उद्या नुसता बसून राहा. पुढच्या वर्षी आमच्या वाडीकडून सभेत ये, सभेचं मानाचं पागोटं तुझ्या डोक्यावर असेल,’’ असं तो म्हणाला होता. रात्रभर मधवाल्याला ते पागोटं दिसत होतं. लाल, जरीकाठी, त्याच्या डोक्याला अगदी बेताचं.

तिघे उभे आणि सहा बसलेले. ठराव पडला.

वाडीत बातमी आली तेव्हा लोक संतापानं पेटले. चावडीसमोर सगळे जमले. कारभाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘आपलं पीठ खाल्लं आणि आपल्यालाच बुडवलं,’’ तो म्हणाला. ‘‘यांना वाडीत ठेवू नका. पीठ खाल्लं की आपलं तोंड बंद ठेवायचं असतं, एवढंही यांना कळलं नाही!’’

तेव्हा आबा काठी टेकत पुढे आले.

‘‘कारभारी, गेली कित्येक वर्षं पीठ मी गोळा करतोय. ते कुणाचं तोंड बंद करायला दिलेलं नसतं. बोलायला बळ यावं म्हणून दिलेलं असतं. आणि चाल अर्धीच सांगू नका, पुढची पण सांगा.’’

‘‘पुढची कसली?’’

‘‘परतीची. जो वाडीचं पीठ खाऊन वाडीच्या विरुद्ध बसला, त्यानं आपल्या घरच्या पिठाच्या आठ भाकऱ्या भाजायच्या. आपलं घर सोडून बत्तीस घरं, घराला एक चतकोर. दारोदार जायचं, चतकोर हातात द्यायचा आणि का बसलो ते सांगायचं. घरानं दार उघडायचं आणि ऐकून घ्यायचं. पटलं तर चतकोर त्याच्यासमोर खायचा. नाही पटलं तर परत पाटीत ठेवायचा. निम्म्याहून जास्त परत आले तर त्यानं सभेतली जागा सोडायची. वाडी सोडायची नाही, जागा सोडायची. आणि पटो न पटो, दारात आलेल्याला पाणी द्यायचं.’’

‘‘पाणी? या दिवसांत?’’ एक जण ओरडला.

‘‘घोटभर द्या. पण द्या.’’

दुसऱ्या दिवशी कुंभारीण निघाली. घरातलं पीठ आठ भाकऱ्यांत संपलं होतं. वाटेतल्या घरांतून लोक तिच्याकडे बघत होते आणि ती पायाखाली बघत होती. गेली तीस वर्षं या प्रत्येक घरात तिची मडकी होती. त्या घरांची दारं आता तिच्यासाठी उघडतील की नाही, याचीच तिला धास्ती होती. जागा गेली तर गेली. पण ही माणसं गेली, तर ती जगणार कुणाच्या जिवावर?

पहिलं घर एका लेकुरवाळीचं. कडेवर तान्हं, चेहऱ्यावर राग. कुंभारणीनं चतकोर पुढे केला.

‘‘तुझं पीठ खाल्लं आणि तुझ्याविरुद्ध बसले. उठेन म्हणून शब्द दिला होता, तो मोडला. त्यांच्या विहिरीची माती मी बोटांनी बघितली. तळ लागलाय. झरा वळवला असता तर ती माणसं मेली असती. म्हणून माझ्यानं उठवलं नाही.’’

‘‘आणि माझं लेकरू?’’ लेकुरवाळी म्हणाली. ‘‘याची अंघोळ एका तांब्यावर आली, मावशी. ती तुझ्या बोटांना नाही लागली?’’

लेकुरवाळीनं चतकोर परत पाटीत ठेवला. मग आत जाऊन अर्धा पेला पाणी आणलं आणि तोंड फिरवून पुढे केलं. कुंभारीण ते थेंबही न सांडता प्यायली.

ती सगळी घरं फिरली. सगळीकडे तेच शब्द, त्याच क्रमानं. कारभाऱ्याच्या दारात तो स्वतः आला.

‘‘वहिनी,’’ तो म्हणाला, ‘‘तुमचं खोटं नाही, ते मला कळतंय. पण उद्या प्रत्येक जण आपल्याला खरं वाटलं म्हणून उठला-बसला, तर या वाडीचं कोण ऐकणार?’’

‘‘बरोबर आहे तुमचं, कारभारी. म्हणून तर दारोदार आले. नुसतं बसून घरी जाणं सोपं होतं.’’

कारभाऱ्यानं चतकोर हातात बराच वेळ धरला, आणि मग पाटीत ठेवला. पाणी मात्र स्वतःच्या हातानं दिलं.

सूर्य कलला तेव्हा कुंभारणीच्या पाटीत वीस चतकोर परत आले होते. ते निम्म्याहून जास्त होते, त्यामुळे तिची जागा गेली. तिनं आबांना तसं सांगितलं आणि पाटी घेऊन आपल्या उंबऱ्यावर येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी मधवाला निघाला. त्यानं पाटीवर स्वच्छ फडकं टाकलं होतं आणि ओठांवर हसू. देवभोळ्या घरी तो म्हणाला, ‘‘मला देवानं खाली बसवलं.’’ गुरं असलेल्या घरी म्हणाला, ‘‘त्यांच्या तहानलेल्या गाई आठवल्या हो.’’ जिथे फार राग होता तिथे आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘मी उठतच होतो, पण मावशीनं माझा सदरा धरून ठेवला.’’ आणि कारभाऱ्याच्या दारात तर त्यानं कमाल केली. म्हणाला, ‘‘कारभारी, ऐन वेळेला पोटरीत गोळा आला. इच्छा असून उठता येईना!’’

कारभाऱ्यानं चतकोर खाल्ला. पोटरीत गोळा येणं म्हणजे काही फितुरी नव्हे, असं त्याला वाटलं असावं.

मावशीच्या दारात मधवाला फार थांबला नाही. ‘‘तुला तर सगळं माहीतच आहे,’’ असं म्हणून त्यानं चतकोर पुढे केला.

‘‘मला काहीच माहीत नाही. सांग,’’ ती म्हणाली. तो काही सांगेना, तेव्हा तिनं चतकोर पाटीत ठेवला.

अशी एकतीस घरं झाली. फक्त पाच चतकोर परत आले होते. शेवटचं घर आबांचं. मधवाल्यानं त्यांना देवाची गोष्ट सांगितली. आबांनी ऐकली, आणि चतकोर मांडीवर ठेवून पाण्याचा पेला पुढे केला.

‘‘नको आबा. तहान नाही.’’

‘‘उन्हातनं एकतीस दारं फिरून आलास आणि तहान नाही? कुणाकडे प्यायलास?’’

मधवाल्यानं पाटी खाली ठेवली. तो कुणाकडेही पाणी प्यायला नव्हता. प्रत्येक दारात पेला पुढे आला होता आणि प्रत्येक दारात त्यानं तो परत केला होता. चतकोर गळ्यात मारणं जमत होतं, पण त्या माणसांच्या हातचं पाणी त्याच्या घशाखाली उतरणार नव्हतं. का, ते त्याला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं.

‘‘पोरा,’’ आबा म्हणाले, ‘‘मला दिसत नाही. तू कसा हसलास ते मला दिसलं नाही. ते हसू बाजूला ठेव आणि उरलेलं खरं सांग.’’

मग मधवाल्याचा बांध फुटला. पागोटं, पलीकडचा पुढारी, मावशीवर घातलेला आळ, पोटरीतला गोळा, सगळं त्यानं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि चतकोर पाटीत ठेवला.

‘‘पटलं नाही मला,’’ ते म्हणाले. ‘‘पण खरं बोललास. आता पाणी पी.’’

मधवाला पेलाभर प्यायला, मग आणखी एक प्यायला. डोळे पुसून म्हणाला, ‘‘पण बाकीच्यांनी तर चतकोर खाल्लेत, आबा. आता काय?’’

‘‘मग तुझी जागा राहिली. चालीप्रमाणे राहिली. खाल्लेला चतकोर परत मागता येत नाही.’’

आबा आणखी काही बोलतील म्हणून मधवाला वाट बघत उभा राहिला. आबा रिकामा पेला घेऊन आत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी मधवाल्याच्या घरातून पुन्हा भाकरीचा खरपूस वास आला. शेजारणी माना उंच करून बघू लागल्या. पुन्हा आठ भाकऱ्या आणि पुन्हा बत्तीस चतकोर घेऊन मधवाला बाहेर पडला. या वेळी पाटीवर फडकं नव्हतं आणि ओठांवर हसूही नव्हतं.

‘‘पागोट्यासाठी बसलो,’’ तो प्रत्येक दारात म्हणाला. ‘‘आणि काल तुमच्याशी खोटं बोललो.’’

कारभाऱ्यानं तर दोन्ही हातांनी कपाळ धरलं. ‘‘मी तो गोळ्याचा चतकोर खाल्ला रे!’’ तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू फुटलं. चतकोर मात्र त्यानं परत केला. इतर दारांतही तेच झालं. पाणी सगळ्यांनी दिलं, आणि मधवाला या वेळी प्रत्येक दारात प्यायला.

मावशीच्या दारात त्यानं तिच्यावर घातलेला आळही सांगितला. मग तिनं चतकोर मोडला आणि त्याच्यासमोर खाल्ला. त्या दिवशी त्याचा खाल्ला गेलेला तो एकच चतकोर, आणि त्याची जागाही गेली.

परत आलेलं अन्न टाकायचं नसतं. म्हणून त्या दिवशी तिन्हीसांजेला दोघेही मावशीच्या उंबऱ्यावर बसून आपापले परतीचे चतकोर खात होते. मावशीचे तर वाळून कडक झाले होते. मधवाल्यानं मधाचं बुधलं आणलं होतं. इतक्यात लेकुरवाळी आली, तान्ह्याला मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या पाटीतला एक चतकोर उचलून मधात बुडवला.

‘‘मला अजून पटलेलं नाही,’’ तिनं बजावलं.

‘‘नको पटू दे,’’ मावशी म्हणाली. ‘‘तू खा.’’

तो उन्हाळा कठीण गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. वाडीच्या बायांनी लांबून लांबून पाणी आणलं. एके दिवशी लेकुरवाळी कुणाला न सांगता नदी ओलांडून गेली आणि पलीकडच्या विहिरीत वाकून बघून आली. विहीर कोरडी ठक्क होती. अर्ध्या झऱ्यावर ती माणसं कशीबशी तगली होती. तिच्याच बाळाएवढी तीन बाळं तिनं तिथे पाहिली. घरी येऊन तिनं याबद्दल कुणाशी चर्चा केली नाही.

पावसाळा आला आणि गेला. नवे पाच निवडायचा दिवस उजाडला. चावडीसमोर कारभाऱ्यानं विचारलं, ‘‘पाचवं नाव कुणाचं?’’

लेकुरवाळी उठून उभी राहिली.

‘‘मावशीचं,’’ ती म्हणाली.

‘‘तू तर तिचा चतकोर परत केला होतास,’’ कारभारी म्हणाला.

‘‘केला होता. उद्या पुन्हा माझ्याविरुद्ध बसली तर पुन्हा करीन. पण ती बसली तर मला येऊन सांगेल. दुसरं कोण सांगतं, ते मला दाखवा.’’

कारभारी कुंभारणीकडे वळला आणि म्हणाला, ‘‘वहिनी, पंगतीत माझ्या शेजारी बसा.’’

त्या वर्षीचं पीठ गोळा करायला आबा निघाले, तेव्हा पाटी उचलायला त्यांच्यासोबत मधवाला होता. जागा त्याला पुन्हा कुणी दिली नाही आणि त्यानं ती मागितलीही नाही. पण बत्तीसच्या बत्तीस दारांत तो मान वर करून उभा राहिला. प्रत्येक घरानं पाटीत मूठभर पीठ टाकलं आणि त्याला न विचारता पाणी आणून दिलं. शेवटच्या दाराशी त्याचं पोट तुडुंब झालं, तरी तो नको म्हणाला नाही.

बोध: आपल्या माणसांच्या विरुद्ध बसायचा हक्क त्यालाच आहे, जो नंतर त्यांच्याच दारात जाऊन खरं कारण सांगतो.